आपल्या गल्लीतल्या पिवळ्या स्टिकरचा इतिहास



स्मरणिकेच्या संपादक मंडळातली मुलं घरी आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही इतिहासाचे शिक्षक. संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहा." मी म्हटलं, संस्थेचा इतिहास चेअरमनसाहेब लिहितील. नोंदणी, प्लॉटवाटप, नळजोडणी, मंदिराचा ओटा हे सगळं त्यांना तारखेवार पाठ आहे. मी एवढुशा वस्तूचा इतिहास लिहितो. आपल्या गाड्यांच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात जो पिवळा स्टिकर आहे ना, प्लॉट नंबर लिहिलेला, त्याचा.

मुलं हसली. पण माझ्या मते या पंचवीस वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून केलेलं सर्वांत अवघड काम तेच होतं. पाण्याची टाकी पैशाने झाली. स्टिकर मात्र पैशाने झाला नाही.

गाडीतळापासून सुरुवात

गाडी कुठे उभी करायची, हा प्रश्न मोटारीबरोबर आला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपलं पहूर पेठ आणि कसबे असं दोन अंगांचं गाव. पेठ म्हणजेच बाजार. बाजार म्हटला की बैलगाड्या आल्या, आणि बैलगाडी मोटारीपेक्षा जास्त जागा खाते. कारण ती उभी केली तरी बैल सोडायचे असतात, त्यांना कडबा टाकायचा असतो. म्हणून जुन्या बाजारगावांत गाडीतळ नावाची वेगळी जागा असायची. पुण्यात आणि हडपसरला आता बैलगाड्या नाहीत, पण गाडीतळ हे नाव शिल्लक आहे. गाड्या तळावर सोडायच्या आणि माणसांनी पायी बाजारात जायचं, हा साधा नियम होता. तो कोणी छापून लावला नव्हता, तरी पाळला जायचा.

आमच्या लहानपणी लांबच्या प्रवासाला पाचोरा-जामनेर गाडी होती, आपली पी.जे. छोट्या रुळांची, दोन फूट सहा इंचांची. शेंदुर्णीहून येणारी शिटी वाऱ्यावर ऐकू आली की आम्ही स्टेशनाकडे पळत सुटायचो. बाकी सगळं एस.टी. आणि पायी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती पी.जे. थांबली ती थांबलीच. रुंद रुळांचं काम निघालं. पण त्या आधीच गावाने स्वतःची चाकं घेतली होती. आधी लूना आणि राजदूत, मग हिरो होंडा, मग चारचाकी.

२००० साली आपली संस्था नोंदली गेली तेव्हा आपल्या गल्लीत चारचाकी म्हणजे एका सभासदाची जुनी जीप. तिला धक्का मारायला आम्ही सगळे जायचो, त्यामुळे ती आम्हाला सगळ्यांचीच वाटायची. नकाशात रस्ता नऊ मीटरचा, म्हणजे साधारण तीस फुटांचा. "एवढा रुंद रस्ता काय करायचा?" असं त्या वेळी एका ज्येष्ठ सभासदाने सभेत विचारलं होतं. इतिवृत्तात आहे.

तीस फूट कुठे गेले

नऊ मीटरमधून दोन्ही बाजूंची गटारं वजा करा. मग प्रत्येकाचा ओटा, फाटकासमोरचा सिमेंटचा उतार, तुळशीचं वृंदावन, कोणाची कण्हेर, कोणाचा नळाचा चेंबर. उरतात जेमतेम सहा मीटर. जुनी मारुती ८०० होती १.४४ मीटर रुंद. आता ज्या उंच गाड्या आपण घेतो त्या पावणेदोन मीटरच्या पुढेच. दोन्ही बाजूंना गाड्यांची ओळ लागली की मधे सव्वादोन-अडीच मीटर उरतात. सरळ जाणारी गाडी आरसे मिटून निघेल. वळणारी निघणार नाही.

त्यातच जळगाव-औरंगाबाद रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम निघालं. हायवेच्या कडेला ज्या गाड्या उभ्या राहायच्या, काळी-पिवळी, पिकअप, कापसाचे टेम्पो, त्या हळूहळू आत गल्ल्यांत शिरल्या. आठवडे बाजाराच्या दिवशी तर आपल्या फाटकासमोर अनोळखी मोटरसायकलींची रांग. मग आपण काय केलं? जे सगळीकडे करतात तेच. कोणी दारासमोर दगड ठेवले, कोणी जुनं टायर. एकाने रस्त्यावर ऑइलपेंटने स्वतःचा प्लॉट नंबरच लिहून टाकला. मी सेक्रेटरी असल्यामुळे दगड ठेवणं शोभलं नसतं, म्हणून मी कुंडी ठेवली. जास्वंदीची. कुंडीतलं जास्वंद वाळलं तरी कुंडी मी हलवली नाही, यावरून काय ते समजून घ्या.

जगाने काय काय करून पाहिलं

इतिहासाच्या मास्तराला सवय असते, आपल्या भांडणाचं मूळ दुसरीकडे शोधायची. मी वाचत गेलो तेव्हा कळलं की हे भांडण जगभर झालेलं आहे.

अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९३५ च्या जुलैत जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं. तासाला पाच सेंट. कारण काय, तर बाजारपेठेत दुकानात काम करणारेच सकाळी गाडी लावून संध्याकाळपर्यंत जागा अडवायचे आणि गिऱ्हाइकाला जागा मिळायची नाही. म्हणजे अडवणारे बाहेरचे नव्हतेच.

रहिवाशांच्या परवान्याचं गाजलेलं प्रकरण व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनचं. तिथल्या एका वस्तीजवळ मोठी कार्यालयं झाली. नोकरदार मंडळी सकाळी येऊन वस्तीच्या गल्ल्यांत गाड्या लावून जायची. तेव्हा तिथल्या प्रशासनाने ठरवलं, की कामाच्या दिवसात या गल्ल्यांत स्टिकर असलेल्या रहिवाशाच्या, किंवा त्याच्याकडे आलेल्याच्या गाडीलाच जागा. बाहेरचे कोर्टात गेले. रस्ता सार्वजनिक आहे, मग रहिवासी आणि बाहेरचा असा भेद कसा करता, हा त्यांचा मुद्दा. १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वस्तीच्या बाजूने निकाल दिला. गर्दी, धूर आणि गोंगाट कमी करण्यासाठी असा भेद करता येतो, असं सांगितलं.

जपानने वेगळाच रस्ता धरला. १९६२ साली त्यांनी कायदा केला, की गाडी ठेवायची जागा आधी दाखवा. पोलिसांकडून तसा दाखला घ्यावा लागतो. रस्ता ही गाडी ठेवायची जागा मोजलीच जात नाही.

आपल्या महाराष्ट्रात मात्र हे जमता जमत नाही. २०१५ च्या सुमारास मुंबई महापालिकेने दक्षिण मुंबईत नवं पार्किंग धोरण आणलं. रात्री घराजवळ रस्त्यावर गाडी लावणाऱ्या रहिवाशांनी महिन्याचे पैसे भरावेत, असं त्यात होतं. ओरड झाली आणि राज्य सरकारची स्थगिती आली. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेत पार्किंग धोरण आलं. आंदोलनं झाली. शेवटी मंजूर झालं ते मोजक्या पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून, आणि तो प्रयोगही रखडला. २०२५ च्या मे महिन्यात परिवहन मंत्री म्हणाले, की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानची १९६२ सालची गोष्ट आपल्या दारात आली म्हणायची. पुढे काय होतं ते बघू.

एक निकाल मात्र प्रत्येक सोसायटीवाल्याने पाठ करावा असा आहे. दहिसरची पंचाली सहकारी गृहनिर्माण संस्था. इमारतीखालच्या मोकळ्या जागेतलं पार्किंग बिल्डर म्हणत होता माझं, मी विकणार. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ती जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. ती सगळ्यांची सामाईक. आणि सामाईक जागा वाटायची कशी, तेही आपल्या आदर्श उपविधींत आहे. सर्वसाधारणपणे एका सभासदाला एक जागा, ज्याच्याकडे गाडी नाही त्याला नाही, आणि गाड्या जास्त, जागा कमी असल्या तर चिठ्ठ्या टाकायच्या.

हे सगळं मी वहीत उतरवून ठेवलं होतं. दोन परिपत्रकंही काढली होती, "सभासदांनी वाहने शिस्तीत लावावीत" म्हणून. कोणी वाचली नाहीत. खरं सांगायचं तर मीही नाही.

पावसाळ्यातली ती रात्र

२०२१ चा पावसाळा. मुलगा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला होता. पाऊस होता, दारात दुसऱ्याची गाडी होती, म्हणून त्याने वळणावर लावली. "राहू दे, सकाळी काढ," असं मीच म्हणालो.

रात्री दोनच्या सुमारास आतल्या बाजूच्या एका घरातल्या अप्पांच्या छातीत कळा आल्या. त्यांच्या मुलाने १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली आणि वळणावर अडकली. एका बाजूला माझ्या मुलाची गाडी, दुसऱ्या बाजूला एक पिकअप. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आम्हाला ऐकू आलं नाही. कोणाची गाडी आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण नवी होती, पुण्याच्या पासिंगची. शेवटी चौघांनी अप्पांना खाटेवर घातलं, वरून ताडपत्री धरली आणि वळणापर्यंत उचलून नेलं. दरवाजे उघडल्याचा आवाज ऐकून मी बाहेर आलो तेव्हा खाट आमच्या कुंडीला वळसा घालून चालली होती.

अप्पा वाचले. तिसऱ्या दिवशी मी जळगावला दवाखान्यात गेलो. काय बोलायचं ते मोटरसायकलवर सगळ्या रस्त्याने जुळवत गेलो होतो. अप्पांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "मुलगा गेला का पुण्याला? पावसापाण्याचा सांभाळून गेला ना?" मी हो म्हटलं. बाकीचं तसंच राहिलं. आज अप्पा आपल्यात नाहीत. ते दोन वर्षांनी शांतपणे गेले. जे तेव्हा बोललो नाही ते इथे लिहितो आहे. ती गाडी आमची होती.

दोन सभा

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत पहिला ठराव आला तो असा, "ज्याच्या घरासमोरची जागा, त्याची." सोपा आणि सगळ्यांना पटणारा. रंगाचे डबे आणायचे, पट्टे मारायचे, नंबर टाकायचे. हात वर होणार, तेवढ्यात मागून आपल्या कोपऱ्यावरच्या काकू उठल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत.

"माझ्याकडे गाडी नाही," त्या म्हणाल्या. "मग माझ्या दारासमोरची जागा मी काय करू? भाड्याने देऊ का?"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. "हसून काय राहिले? उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा जणी मिळून बिबडे घालायचो, ते या रस्त्यावर. पोरं खेळायची ती याच रस्त्यावर. आता माझ्या दारात रोज कोणाची तरी गाडी असते. मला पायरी उतरायला जागा नाही. मी कधी बोलले का? आणि आता तुम्ही रस्ताच वाटून घेऊन राहिले."

सभेत शांतता झाली. दुसरा मुद्दा आमच्यातल्याच एका एस.टी.तून निवृत्त झालेल्या सभासदाने काढला. तो म्हणाला, "सर, लेआउटचा रस्ता तर आपण ग्रामपंचायतीकडे वर्ग केला आहे. मग तो वाटणारे आपण कोण?" त्याचं बरोबर होतं. उपविधीतली चिठ्ठ्यांची पद्धत संस्थेच्या स्वतःच्या जागेला लागू. रस्ता सार्वजनिक. त्यावर अडथळा आणि अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे पंचायतीला. वाहनतळ ठरवणं हे मोटार वाहन कायद्यातलं काम. आपण फार तर आपल्या आपल्यात शब्द देऊ शकतो. आर्लिंग्टनचा स्टिकर कायद्याच्या जोरावर होता. आपल्या स्टिकरला तो जोर मिळणारच नव्हता.

त्या सभेत काहीच ठरलं नाही. चहा गार झाला आणि दोन सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले. घरी आल्यावर मी कुंडी उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. वर्षभरात माझ्याकडून झालेलं तेवढंच काम.

२०२२ च्या सभेत मात्र आम्ही ठराव उलटा लिहून आणला. आधी काय मोकळं ठेवायचं ते, आणि मग उरलेल्यात गाड्या.

१. वळणाच्या दोन्ही अंगाला पंधरा-पंधरा फूट कायम मोकळे. पाहुणा असो, जावई असो, खुद्द चेअरमन असो.

२. गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला. फाटक आतून मोठं आहे त्याने गाडी आतच घ्यायची.

३. एका घराला एक स्टिकर, फुकट. दुसरी गाडी असेल तर ती खुल्या जागेच्या कडेला, संस्थेला वार्षिक शुल्क भरून. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठी.

४. स्टिकरवर प्लॉट नंबर आणि मालकाचा फोन. रात्री दोन वाजता कोणाला उठवायचं, हे कळण्यासाठी.

५. लग्न, बारसं, दहावा असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचं. त्या दिवशी नियम त्या घरासाठी सैल, वळण सोडून.

६. बाहेरच्या गाडीची हवा कोणी सोडायची नाही. रस्ता त्यांचाही आहे. विनंतीचा बोर्ड लावायचा.

अडलं ते एकाच ठिकाणी. "एकाच बाजूला" म्हणजे कोणत्या? पूर्वेकडचे म्हणाले पश्चिमेला, पश्चिमेकडचे म्हणाले पूर्वेला. मी पुण्याची सम-विषम तारखांची पद्धत सांगितली, पी-१, पी-२. लगेच उत्तर आलं, "सर, रोज उठून कोण गाडी हलवेल? अन् इथं तारीख कोणाला माहीत असते?" तेव्हा आपल्या किराणावाल्या भाऊंनी तोड काढली, "पौर्णिमेला अन् अमावास्येला बदलू ना." गॅरेजवाले चाचा म्हणाले, "अच्छा है, चाँद देखके हमको भी याद रहेगा." ठराव मंजूर झाला. सूचक म्हणून काकूंचं नाव घातलं. त्यांनी सही केली, आणि विचारलं, "म्हणजे पंधरा दिवस माझं दार मोकळं?" हो म्हटलं.

दिवाळीच्या पाडव्याला पहिले स्टिकर वाटले. पंचायतीला अर्ज दिला होता, त्याप्रमाणे वळणावर पट्टे मारून मिळाले.

तीन वर्षांनंतर

सगळं सुरळीत चाललं आहे असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. अमावास्येला हटकून दोन-तीन गाड्या जुन्याच बाजूला असतात. आठवडे बाजाराच्या दिवशी आपला विनंतीचा बोर्ड वाचून त्याच बोर्डाला टेकून मोटरसायकल लावणारे आहेतच. दुसऱ्या गाडीचं शुल्क थकलेले सभासदही आहेत. रौप्यमहोत्सव असल्यामुळे नावं घेत नाही. ज्यांनी स्टिकर सुरुवातीला लावलाच नाही त्यांच्यातल्या एकाने मला स्पष्ट विचारलं, "नाही लावला तर काय कराल?" मी म्हटलं, "काही नाही." खरंच काही करता येत नव्हतं. त्याने चार महिन्यांनी स्वतःच लावला. का, ते मी विचारलं नाही.

आता मुंबई-पुण्याच्या धोरणांविषयी वाचतो तेव्हा वाटतं, तिथे भांडण पैशावर गेलं. रस्त्याला भाडं लावलं की लोक विचारणारच, भाडं घेता तर मग जागा माझी का नाही? पैसे दिलेल्या माणसाला जागा आपली वाटू लागते, आणि न दिलेल्याला ती हिसकावल्यासारखी वाटते. आपला पहिला ठराव पैशाचा नव्हता, पण त्याच वाटेने चालला होता. आपल्या स्टिकरने कोणालाच जागा दिलेली नाही. काचेवर प्लॉट नंबर आहे तो जागेवरचा हक्क सांगायला नाही. गाडी अडली तर कोणाचं दार वाजवायचं, हे सांगायला आहे. नव्या सभासदांना स्टिकर देताना सेक्रेटरींनी एवढं जरूर समजावून सांगावं, ही विनंती.

गेल्या उन्हाळ्यात वद्य पक्षात आमच्या समोरची बाजू मोकळी होती. सकाळी बघतो तर काकूंनी खाटा टाकल्या होत्या आणि त्यावर धोतरं पसरून बिबडे घातले होते. बरोबर नव्या सुनाही होत्या, मोबाइलवर फोटो काढत. माझा नातू पुण्याहून आला होता, तो काठी घेऊन कावळे हाकत होता. त्याचे वडील गाडी घेऊन आले तेव्हा वळणावर क्षणभर थांबले, आणि मग गाडी सरळ खुल्या जागेकडे घेऊन गेले. मी गच्चीवर होतो. कुंडीत यंदा जास्वंद लावलं आहे, नवं. चांगलं धरलं आहे.

संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सर्व सभासदांना, आणि जे आज आपल्यात नाहीत त्यांच्या कुटुंबीयांना, मनापासून शुभेच्छा. आणि हो, येत्या पौर्णिमेला बाजू बदलायची आहे. विसरू नका.